ही बॅटरी ओळखीची नाही

नारीनच्या बाजारात, कंटेनरांच्या तिसऱ्या ओळीत,
एसेनबेकच्या काचेखाली दोघी शेजारी शेजारी.
एक कंपनीची, चकचकीत शिक्क्याची,
चार हजार दोनशे सोम.
दुसरी बिननावाची.
म्हणजे नाव आहे, पण कुणीतरी घाईघाईत
हाताला लागतील ती अक्षरं जुळवल्यासारखं.
सातशे. दोन घेतल्या तर तेराशे, वर चार्जर.

तोल्कुन दोन्ही तळहातांवर घेऊन बघते.
कंपनीची किंचित जड लागते.
की किंमत ऐकल्यामुळे?
एसेनबेक म्हणतो, आत सगळ्यांच्या तेच असतं, ताई,
लिथियमला कुठे आडनाव असतं!
हे तो सगळ्यांनाच म्हणतो.
तुझ्या कॅमेऱ्यात कुठली रे, असं विचारलं
की त्याला चहा आठवतो.

शाळेचा एक वर्ग, अठ्ठावीस मुलं, डोई साठ सोम.
त्यातून छपाई, त्यातून आत-बाशीपर्यंतचं गाडीभाडं,
उरतं त्यात पिठाचं अर्धं पोतं.
कंपनीची बॅटरी म्हणजे दोन पोती पीठ,
आणि तिच्या भाकऱ्या होत नाहीत.

पण मागची स्वस्तातली जुलैत फुगली.
वर कुरणात, सासऱ्यांच्या तंबूबाहेर, उन्हात विसरलेली,
भिजत घातलेल्या वालासारखी टम्म,
कॅमेऱ्याच्या पोटात अडकून बसली.
नवऱ्याने चिमट्याने ओढता ओढता
झाकणाची बिजागरीच मोडली.
अजून तिथे निळी चिकटपट्टी आहे.
तेव्हा ती म्हणाली होती, पुन्हा नाही.
आईची शपथ घेऊन म्हणाली होती.

आणि मग ते जानेवारीतलं लग्न.
उणे एकवीस.
अंगणात नवरीच्या डोक्यावर पांढरा रुमाल बांधायला घेतला
आणि नेमकी तेव्हाच
खरीखुरी, शिक्क्याची, पावती असलेली बॅटरी
थंडीने गार पडली.
तोल्कुनने पिशवी उपसली,
कोटाचे खिसे उलटे केले, नवऱ्यावर खेकसली.
दुसरी होती तिच्याच काखेत,
ऊब राहावी म्हणून सकाळपासून धरलेली.
काखेत कळसा म्हणतात तो हाच,
फक्त सातशे सोमचा.

घातली. पडद्यावर पाटी आली:
ही बॅटरी ओळखीची नाही.
तरी वापरायची?

कॅमेरा थांबला होता.
रुमाल धरलेले हात थांबले होते,
नवऱ्याकडच्या सगळ्या बायका थांबल्या होत्या
आणि नवरीला निरखत होत्या.
ती तलासची.
त्या घरात परवापर्यंत तिला कुणी पाहिलंही नव्हतं.
ती कुणाकडेच बघत नव्हती,
बुटांवरचा बर्फ बघत होती.

हातमोजा दातांनी ओढून काढत
तोल्कुनने दाबलं, हो.

एकतीस फोटो निघाले.
चौदाव्यात नवरी मान वर करते,
सरळ भिंगात बघते.
तो फोटो त्या लोकांनी घेतला नाही.
म्हणाले, यात हसत नाहीये.

काय ठरलं मग, एसेनबेक विचारतो.
चहावर साय धरलीय.
तोल्कुन बिननावाची पुढे सरकवते.
दोन ना?
एकच. दुसरी पुढच्या वर्गानंतर.
मग एकीला चार्जर नाही मिळायचा.
ठेव तुझा चार्जर.

रात्री चुलीपासून लांब, खिडकीच्या फळीवर,
ती बॅटरीचं पहिलं चार्जिंग लावते.
लाल दिवा. मुलं झोपलेली.
जुन्या फोल्डरमध्ये ती त्या नवरीचं नाव शोधते,
फोल्डरवर फक्त नवऱ्याचं आहे.

निळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा फाडते,
बॅटरीवर चिकटवते, तारीख घालते.
नावाच्या जागी पेन जरा घुटमळतं,
मग ती लिहिते: तलास.